दिवसाची झोप

“हळू बोला गा, अंदर पोरी झोपून राहिल्या.”

हे वाक्य रंभाबाई कोणालाही म्हणत. पोस्टमनला, पेशंटच्या जावयाला, ट्रस्टच्या सेक्रेटरीला, आणि एकदा तर आवारात शिरलेल्या एका बैलालासुद्धा. बैल थांबला होता. सेक्रेटरी थांबत नसत.

नागपूरच्या महालातून इतवारीकडे जाताना एका बोळात आमचा धर्मादाय दवाखाना होता. मी तिथे औषधाच्या खिडकीत बसे. खिडकीसमोर लांब पडवी, पडवीच्या टोकाला जाड लाकडी दार, दारापाशी एक तिपाई आणि तिपाईवर रंभाबाई. ठेंगण्या बांध्याची बाई, कपाळावर हिरवं गोंदण, कुंकू नाही, लुगडं वर खोचलेलं. उन्हाळ्यात पायाशी पाण्याची बादली आणि हातात झारी. नोकरीच्या कागदावर त्या आया होत्या. प्रत्यक्षात त्यांचं एकच काम होतं, आणि ते कुठल्याच कागदावर नव्हतं. दाराच्या आत रात्रपाळीच्या नर्स झोपलेल्या असत, त्यांची झोप त्या राखत.

इमारत मूळची एका धान्याच्या अडत्याची. त्यानं ती दान केली तेव्हा पुढच्या दालनांत वॉर्ड झाले, मागचं कोठार तसंच राहिलं. भिंती हातभर जाड, उन्हाच्या बाजूला एकही खिडकी नाही. त्या कोठारात आता खाटा होत्या. रात्री ते रिकामं असे, तरी सगळे त्याला रातची खोली म्हणत.

रात्री झोपणाऱ्यांची सगळं शहर काळजी घेतं. गुरखा, कुलपं, मालवलेले दिवे, दबलेले आवाज, सगळं त्यांच्यासाठी असतं. दिवसा झोपणारा माणूस मात्र लोकांना आळशी तरी वाटतो नाहीतर आजारी. त्याच्या उशाशी कोणीही भांडं आपटावं. रात्रभर दुसऱ्याचा श्वास मोजून आलेल्या मुलीला सकाळी झोप हवी असते आणि नेमकं तेव्हाच जग जागं होतं. हे दुःख इतकं लहान दिसतं की ते कोणी सांगतही नाही. मुली फक्त नोकरी सोडून जातात. शहरातल्या इतर दवाखान्यांतून त्या जात होत्या. आमच्याकडून जात नव्हत्या.

मे महिन्याच्या शेवटी कडक उन्हाचा नऊ दिवसांचा नवतपा लागला की नागपुरात दुपार ही वेळ राहत नाही. ती एक जागा होते, आणि तिच्यातून वाट काढत संध्याकाळपर्यंत पोचावं लागतं. त्या दिवसांत रंभाबाई दारावर आणि झरोक्यांवर वाळ्याचे पडदे लावत आणि झारीनं ते सारखे भिजवत राहत. पडदा वाळला की आतल्या मुली कूस बदलतात, हे त्यांना बाहेरून ऐकू येई. ओल्या वाळ्याचा वास माझ्या खिडकीपर्यंत यायचा आणि टिंचरच्या वासात मिसळायचा. अजून कुठे तो वास आला की मी नकळत आवाज खाली आणतो.

बोळातल्या फेरीवाल्यांना त्यांनी एकेक करून वळण लावलं होतं. कुल्फीवाला आमच्या फाटकाजवळ आला की घंटीची जीभ मुठीत धरी. भंगारवाला बोळाच्या तोंडाशी आरोळी अर्धी तोडायचा आणि पलीकडे निघाल्यावर उरलेली पुरी करायचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गल्लीतली पोरं आपला बडग्या नाचवत न्यायची. कागदाचा, चिंध्यांचा पुतळा, पुढे ताशे, सगळी इडापिडा ओरडून गावाबाहेर घालवायची. एका वर्षी रंभाबाई हात जोडून ताशांसमोर उभ्या राहिल्या.

“बाई, बडगे गुपचूप काढते काय कोनी?” ताशेवाला म्हणाला. “इडापिडा जाईन कशी?”

“गुपचूप आली व्हती ना? मंग गुपचूपच जाईन. चाल तू.”

पोरं हसली. पण काड्या बगलेत गेल्या, आणि तो भला मोठा बडग्या आमच्या फाटकासमोरून प्रेतासारखा निमूट गेला.

सेक्रेटरी गणपतराव मात्र कधी सुधारले नाहीत. धान्याचे व्यापारी, मनानं चांगला माणूस, ट्रस्टसाठी स्वतःची गाडी झिजवणारा. पण आवाज असा की बाजारात उभं राहून बोलावं आणि दोन पेठांनी ऐकावं.

“काय रंभाबाई, पहारा चालू काय?” ते पडवीतून गरजत.

“सेक्रेटरीसाहेब, तुमी आवाज दुकानात ठिऊन येत जा ना.”

“आवाजच दुकान चालवते बाई माह्यं!” म्हणून ते आणखी मोठ्यानं हसत. आत कोणीतरी कूस बदले. रंभाबाई डोळे मिटून घेत, जणू तो आवाज त्यांच्याच अंगावर पडला होता.

पुष्पलता आमच्याकडे आली ती बहात्तर सालच्या आसपास. काटोलकडच्या शेतकऱ्याची मुलगी, नर्सिंग शिकलेली, उंच, अबोल. पहिल्याच उन्हाळ्यात तिचे वडील मारोतराव तिला न्यायला आले. भर दुपारी, पांढऱ्या टोपीवरून दुपट्टा गुंडाळलेला, हातात कापडी पिशवी. पडवीत शिरताच ओरडले, “पुष्पलता कोठी हाये? बाप आलो मी तिचा.”

“हळू बोला गा भाऊ, अंदर पोरी झोपून राहिल्या.”

“भर दुपारी? आमच्या घरी असं चालत नाई.”

“तुमच्या घरी तिले रातभर कोनी जागवत नाई ना.”

“उठवा तिले. घेऊन चाललो मी. पोरगा पाहून ठेवला हाये. गावात लोकं इचारते मले, मारोतराव, पोरगी रात कोठी काढते?”

“मंग तुमी काय सांगता?”

मारोतरावांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. त्यांनी सांगण्यासारखं काही पाहिलंच नव्हतं.

“चाला माह्या संगं,” रंभाबाई म्हणाल्या. “रात कोठी काढते ते पाहून तं घ्या. मंग उठवा, मी नाई म्हनत नाई.”

त्या त्यांना मुलांच्या वॉर्डात घेऊन गेल्या. तिथे चुलीवरचं आधण अंगावर सांडलेलं एक लेकरू होतं. पुष्पलता रात्रभर त्याच्याजवळ बसून त्याचे हात धरून ठेवत असे, खाजवून त्यानं कातडी काढू नये म्हणून. त्या लेकराची आई मारोतरावांना ओळखत नव्हती. पांढरी टोपी पाहून कोणी दवाखान्याचे मोठे माणूस असतील असं समजली आणि उठून उभी राहिली. “साहेब, ते उंचवाली सिस्टर आज राती येईन ना? ते नसली तं हा राहत नाई.”

मारोतराव परत येऊन बाकावर बसले. रंभाबाईंनी आपल्या फडक्यातली भाकर आणि ठेचा त्यांच्यापुढे ठेवला. ते खात असताना एक सायकलवाला घंटी वाजवत आवारात आला. मारोतरावांनी घास तोंडात तसाच ठेवून हात वर केला. “हळू ना गा बाबू! अंदर पोरी झोपून राहिल्या.”

रंभाबाई झारी घेऊन दुसरीकडे वळल्या. त्या हसत होत्या हे मला खिडकीतून दिसलं.

ऊन उतरलं तसे मारोतराव उठले.

“येवढ्या दुरून आले अन् भेटत नाई?”

“झोपू द्या तिले.” त्यांनी पिशवी रंभाबाईंच्या हातात दिली. “शेवया हायेत. मायनं केल्या म्हून सांगजा. अन् पोरावाल्याले मी पाहून घेतो.”

संध्याकाळी पुष्पलता उठली, तिला सगळं कळलं आणि शेवयांची पिशवी मांडीवर घेऊन ती रडायला लागली. रंभाबाई म्हणाल्या, “रडू नको वं. डोळे सुजले तं पेशंट घाबरन. वेणी घाल अन् जाय.”

पुढे पुष्पलतेचं लग्न झालं, नागपुरातच. ती नोकरीवर राहिली, रात्रपाळीनंतर झोपायला याच खोलीत येई. अशा कितीतरी राहिल्या. केरळातून आलेल्या मुली, उमरेडच्या, भंडाऱ्याच्या. गणपतराव बाहेर अभिमानानं सांगत, आमच्या नर्स सोडून जात नाहीत, ट्रस्टची पुण्याई आहे.

या सगळ्याची सुरुवात कुठे झाली ते मला यमुताईंनी सांगितलं. यमुताई तेव्हा मेट्रन होत्या. पांढऱ्या पातळातली, कडक इस्त्रीची, सगळ्यांना धाक असलेली बाई. रंभाबाई मात्र त्यांना ‘यमू’ म्हणत, सगळ्यांदेखत. एकदा हिवाळ्यात माझ्या खिडकीशी चहा घेताना मी सहज विचारलं, ही आया तुम्हाला एकेरी कशी बोलते. यमुताईंनी कप खाली ठेवला.

चौसष्ट सालची गोष्ट. रंभाबाई तेव्हा रामटेकजवळच्या एका खेड्यातून नवऱ्याला घेऊन आल्या होत्या. चंद्रभान त्याचं नाव, धानाची शेती. धान कापताना विळा पायाला लागला, त्यानं हळद भरली आणि विसरून गेला. मग एका सकाळी त्याचा जबडा उघडेना. धनुर्वात. अशा पेशंटला अंधाऱ्या खोलीत ठेवतात. उजेड नको, स्पर्श नको, आवाज तर मुळीच नको. चमचा पडला तरी अंग धनुष्यासारखं वाकतं. रंभाबाईंना खोलीत बसायची परवानगी नव्हती. त्या दाराबाहेर जमिनीवर बसल्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला थोपवू लागल्या. त्यांचं ते वाक्य तिथलं. फक्त तेव्हा ते असं होतं, “हळू बोला गा, अंदर मानूस हाये.”

चंद्रभान तग धरून होता. झटके कमी होत चालले होते. खोलीत रात्री जी नर्स बसत होती ती नुकतीच नोकरीला लागलेली यमुना. तिचं काम एवढंच, पेशंटच्या घशात लाळ साठू लागली की नळीनं ती ओढून काढायची. नर्सच्या राहण्याची सोय तेव्हा बाजारात तांबटांच्या दुकानांवरच्या माडीवर होती. सकाळी मुली परत येऊन पडल्या की खाली हंडे ठोकायला सुरुवात व्हायची आणि दिवेलागणीपर्यंत ती चालायची. यमुनेला दिवसाची झोप अशी मिळालीच नव्हती. पहाटे खुर्चीत तिचा डोळा लागला. किती वेळ, ते तिला कधीच कळलं नाही. जागी झाली तेव्हा चंद्रभान निळा पडला होता.

“जागी असते तर वाचला असता का?” यमुताई मला म्हणाल्या. “डॉक्टरांना विचारलं मी. ते म्हणाले, सांगता येत नाही.”

त्या उत्तराला शेवट नसतो. ते माणसाबरोबर जुनं होत जातं.

यमुनेनं बाहेर येऊन रंभाबाईंना खरं ते सांगितलं. मी झोपले होते, म्हणाली. वॉर्डातले नातेवाईक गोळा झाले, तक्रार करा म्हणाले. रंभाबाई बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, “काल दिवसा झोपली व्हतीस काय वं?”

“झोप येत नाही, बाई. खाली दिवसभर ठोकतात.”

रंभाबाई उठल्या. नवऱ्याला घेऊन गावी गेल्या. तेरवी झाली आणि त्या परत आल्या. सरळ त्या माडीवर गेल्या. यमुनेनं राजीनामा दिला होता, पेटीला दोरी बांधून ती बसली होती. खाली हंडे ठोकणं चालू होतं. रंभाबाईंनी तो आवाज थोडा वेळ ऐकला आणि खाली वाकून पेटीची दोरी सोडायला लागल्या.

“तू गेली तं माहा मानूस फुकट मेला,” त्या म्हणाल्या.

नंतर त्यांनी दवाखान्यात आयाची नोकरी मागितली. कोठारातली जुनी पोती आणि मोडक्या खाटा स्वतः ओढून बाहेर काढल्या, भिंती पांढऱ्या केल्या, आणि एक तिपाई आणून दारापाशी ठेवली.

“तेव्हापासून मी यमू,” यमुताई म्हणाल्या आणि गार झालेला चहा पिऊन टाकला.

एकोणऐंशी साली ट्रस्टला स्पेशल रूमची गरज भासू लागली. शहर बदलत होतं. पैसेवाल्या पेशंटना वॉर्डात राहायचं नव्हतं. इतवारीतल्या एका मोठ्या घराण्याला आईच्या नावानं देणगी द्यायची होती, आणि ते लोक इमारत बघून गेले होते. त्यांना रातची खोली आवडली होती. भर दुपारी आत शिरून त्यांतली एक बाई म्हणाली, “कित्ती शांत आहे हो इथे! बाजार जवळ आहे असं वाटतच नाही.” तिच्या त्या बोलण्यानंच दोन मुली दचकून उठून बसल्या होत्या.

बातमी पसरली. खोली जाणार, रात्रपाळीच्या मुलींना गच्चीवर टिनाच्या छपराखाली जागा देणार. नागपूरच्या उन्हाळ्यात टिनाखाली दिवसा झोपणं म्हणजे काय ते सांगायला नको. रंभाबाई आयुष्यात पहिल्यांदा मेट्रनच्या खोलीत गेल्या. मी तिथे औषधांच्या मागणीवर सही घ्यायला उभा होतो.

“यमू, ते खोली जाईन काय वं?”

यमुताईंनी पेन खाली ठेवलं. “मी या खुर्चीत आहे तोवर त्या दाराला कोणी हात लावणार नाही, बाई.”

“बस मंग,” रंभाबाई म्हणाल्या आणि परत जाऊन तिपाईवर बसल्या. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही. एकदा विचारलं, एकदा उत्तर मिळालं. त्यांच्या गावात शब्द असाच चालत असावा.

त्याच दिवसांत पुष्पलतेला भिलाईच्या दवाखान्यातून बोलावणं आलं. राहायला क्वार्टर, पगार जास्त. दोन लहान मुलं असलेल्या बाईसाठी ही फार मोठी गोष्ट होती. ती रंभाबाईंजवळ जमिनीवर येऊन बसली. मी खिडकीत होतो.

“लोकं म्हनते खोली जानार. खरं काय बाई? मले साफ सांगा. टिनाखाली झोपून रातपाळी होनार नाई माह्याच्यानं. एखाद्या दिवशी कोनाले चुकीची सुई दिऊन बसीन मी.”

“कोन म्हनते जानार?”

“सगळेच म्हनून राहिले.”

“सगळ्यायले काय मालूम. यमूनं शब्द देला हाये मले.” रंभाबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. “तू जाशीन तं बाकीच्या पोरी तुह्या मागं जातीन. राहा वं. खोली कोठी जात नाई. मी बसून हाओ ना इथं.”

पुष्पलतेनं भिलाईला नकार कळवला. बाकीच्याही थांबल्या. कुणाला जबलपूरहून विचारणा होती, कुणाला अरबस्तानातून. रंभाबाईंच्या शब्दावर त्या थांबल्या, आणि रंभाबाईंचा शब्द यमुताईंच्या शब्दावर उभा होता.

दिवाळीनंतर यमुताईंनी पडवीतून येणं सोडलं. मेट्रनच्या खोलीतून वॉर्डात जायला पडवी जवळ पडे, पण त्या मागच्या अंगणातून, विहिरीला वळसा घालून जाऊ लागल्या. रंभाबाईंच्या ते लक्षात आलं. एकदा त्या मला कौतुकानं म्हणाल्या, “पाहा भाऊ, यमू किती समजदार. चपला वाजू नये म्हून पोरगी मांगून जाते आता.”

पोरगी म्हणजे मेट्रन. तिचे केस तेव्हा पांढरे व्हायला लागले होते.

फेब्रुवारीत ट्रस्टचा वर्धापनदिन आला. या वर्षी एका सेवकाचा सत्कार करायचा असं ठरलं होतं, आणि तो रंभाबाईंचा. गणपतरावांनी स्वतः पडवीत येऊन ही बातमी अशा आवाजात दिली की आतल्या सगळ्या मुलींना ती रंभाबाईंबरोबरच कळली. रंभाबाई लाजल्या. त्यांना लाजताना मी तेव्हाच पाहिलं.

“पन संध्याकाळी ठेवा ना जी. पोरी उठल्यावर.”

“पाहुने संध्याकाळी मोकळे नसते. दुपारीच व्हईन.” गणपतराव हसले. “आता एक दिवस तं बोलू द्या आमाले मोठ्यानं, रंभाबाई! तुमचाच तं सत्कार हाये!”

अंगणात मांडव पडला. कर्णा कडुलिंबाला बांधला, तोंड रातच्या खोलीकडे. रंभाबाईंनी माइकवाल्याला गाठलं. “याचं तोंड तिकडं कर ना गा, रस्त्याकडं.”

“तिकडं केलं तं ऐकू कोनाले येईन, मावशी?”

त्या परत आल्या. स्वतःच्या घरच्या गोधड्या त्यांनी सकाळीच आणून ठेवल्या होत्या, जणू त्यांना हे उत्तर माहीत होतं. एकीवर एक अशा त्या दारावर टांगल्या, खालची फट चिंध्यांनी बुजवली. मग हातपाय धुऊन, धुतलेलं लुगडं नेसून त्या मांडवात येऊन खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या. तिपाईवरही त्या अशाच बसत, केव्हाही उठता येईल अशा.

कर्ण्यातून आधी सनई वाजली. मग गणपतराव बोलायला उभे राहिले. ते मनापासून बोलले, हे मान्य केलं पाहिजे. दवाखाना भिंतींनी चालत नाही, माणसांनी चालतो, म्हणाले. दुसरीकडे नर्स टिकत नाहीत, आपल्याकडे टिकल्या, त्याचं श्रेय या साध्या बाईला आहे, म्हणाले. टाळ्या पडल्या. पडवीच्या टोकाला गोधडी हलली आणि दार उघडलं. एकेक करून मुली बाहेर आल्या. विस्कटलेले केस, सुजलेले डोळे, अंगावर चादरी. पुष्पलता सगळ्यांत पुढे होती. रंभाबाईंचा सत्कार म्हणून त्या हसायचा प्रयत्न करत होत्या, आणि उन्हानं त्यांना डोळे उघडवत नव्हते.

“आणि आज एक आनंदाची बातमी,” गणपतराव म्हणाले. त्यांनी त्या देणगीदार घराण्याचं नाव घेतलं. “यांच्या मातोश्रींच्या स्मरणार्थ आपल्या मागच्या खोलीत स्पेशल रूम होत आहेत. दवाखान्यातली सगळ्यात थंड, सगळ्यात शांत जागा. तिच्या उत्पन्नातून आपल्या नर्सभगिनींचे पगार वाढतील. रात्रपाळीची सोय वर गच्चीवर केलेली आहे. आपल्या मेट्रनबाईंनी दिवाळीतच मोठ्या मनानं संमती दिली, त्यांचे मी आभार मानतो.”

पुन्हा टाळ्या. शांतता भिंतींची आहे असं त्यांना खरोखरच वाटत होतं. देणगीबरोबर ती आपल्याला मिळाली, आणि आता पुढच्याला देता येईल, असं.

पुष्पलता गणपतरावांकडे पाहत नव्हती. ती रंभाबाईंकडे पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. भर झोपेतून उठवलेल्या माणसाला आपण कुठे आहोत ते काही क्षण कळत नाही, तसा तो चेहरा होता.

सत्कार मेट्रनच्या हस्ते होता. यमुताई हातात नवं लुगडं आणि नारळ घेऊन पुढे आल्या. रंभाबाई उठून उभ्या राहिल्या आणि त्यांच्या तोंडाकडे पाहू लागल्या. बराच वेळ पाहत राहिल्या. चौसष्ट साली एका पहाटे त्या अशाच पाहत राहिल्या असतील. फक्त तेव्हा त्यांच्याजवळ विचारायला एक प्रश्न होता.

“बाई,” यमुताई अगदी हळू म्हणाल्या. माइक जवळ होता, त्यानं ते उचललं आणि कर्ण्यानं बोळभर नेलं. “बाई, पगाराचं होतं. पोरींसाठीच केलं मी. तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही.”

गणपतरावांना काय करावं ते कळेना, म्हणून त्यांनी माइक रंभाबाईंच्या पुढे धरला. “बोला ना रंभाबाई, दोन शब्द बोला. आज मोठ्यानं बोला.”

रंभाबाईंनी लुगडं हातात घेतलं, नारळ घेतला, आणि दोन्ही खुर्चीवर ठेवलं. मांडवातून त्या पडवीत आल्या. मुलींनी वाट दिली. दारावरच्या गोधड्या त्यांनी एकेक करून उतरवल्या, झटकल्या नाहीत, धूळ उडू नये अशा घडी घातल्या. पुष्पलता समोर होती. त्यांनी तिच्या खांद्यावरून घसरलेली चादर वर ओढली आणि क्षणभर तिथे हात ठेवला. तिपाई उलटी करून त्यांनी भिंतीशी लावली.

मग चपला काढून हातात घेतल्या, काखेत गोधड्या, आणि अनवाणी, पाय न वाजवता, त्या माझ्या खिडकीवरून, मांडवाच्या कडेनं, कर्ण्याखालून चालत फाटकाबाहेर गेल्या.